भिंतीवरचा घरजावई

थंड प्रदेशात पीचचे झाड उघड्यावर वाढवणे ही गोष्ट उद्यानविद्येच्या ग्रंथांत ‘फळबाग’ या प्रकरणात येते. वस्तुतः तिची जागा ‘आदरातिथ्य’ या प्रकरणात असायला हवी. दक्षिण इंग्लंडमधील एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या परसात, दक्षिणेकडे तोंड केलेल्या विटांच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे असलेले हे झाड पाहिले, त्याच्या डोक्यावरचे छप्पर, पुढे सोडलेला पडदा, पायाशी घातलेले खत आणि समोर हातात कुंचला घेऊन अदबीने उभा असलेला घरधनी पाहिला, की या झाडाचे त्या घराशी असलेले नाते मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही: हा घरजावई आहे. ‘उघड्यावर’ या शब्दाचा अर्थही आधीच स्पष्ट केलेला बरा. काचघरात नव्हे, एवढाच तो अर्थ. भिंत, छप्पर, पडदा आणि पांघरूण ही सर्व व्यवस्था असूनही झाड उघड्यावर वाढते असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती ‘लग्न अगदी साधेपणाने केले’ या विधानाइतकीच विश्वासार्ह आहे.

या जावयाचे मूळ गाव त्याच्या नावावरून ठरवायला जाऊ नये. शास्त्रीय नामावलीत तो प्रुनस पर्सिका, म्हणजे ‘पर्शियाचा’ (प्रुनस ही गुलाबाच्या कुळातली प्रजाती, बदाम, जर्दाळू, आलूबुखार आणि चेरी हे सगळे तिच्यातले चुलत भाऊ), रोमन लोकांना हे फळ पर्शियाच्या वाटेने मिळाले म्हणून त्यांनी ते पर्शियाच्या खात्यावर मांडले, आणि इंग्रजीतला ‘पीच’ हा शब्द त्याच ‘पर्सिका’चा वापरून वापरून झिजलेला तुकडा आहे. प्रत्यक्षात झाड चीनचे आहे व तेथे ते काही हजार वर्षे लागवडीखाली आहे. या बाबतीत भारताची नोंद अधिक चोख होती: सातव्या शतकात येथे आलेल्या ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे की कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून राहिलेल्या चिनी मंडळींनी पीच आणि नासपती ही फळे या देशात आणली, आणि म्हणून पीचला ‘चीनानी’ व नासपतीला ‘चीनराजपुत्र’ अशी नावे पडली. ओलीस ठेवलेला माणूस यजमानाच्या अंगणात फळझाड लावून जातो, हा पाहुणचाराच्या इतिहासातला दुर्मीळ प्रसंग म्हटला पाहिजे. एरवी पाहुणे मागे ठेवून जातात तो फार तर टॉवेल. पुढे ही सरळ नोंद विसरली गेली आणि मराठीनेही फारसीतला ‘शफ्तालू’ उचलून त्याचा ‘सप्ताळू’ केला, ज्यामुळे शेजारचे फळ दूरचे गाव सांगत परत आले.

आता मुख्य गैरसमजाकडे. पीच हे उन्हाळ्याचे, रसाळ, गुलाबी गालांचे फळ असल्यामुळे त्याच्या झाडाला थंडी सोसत नसावी, असे कोणालाही वाटते; तसे काही नाही. पानगळ होऊन झोपी गेलेले पीचचे झाड उणे वीस अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंतची थंडी निमूटपणे सोसते, आणि दक्षिण इंग्लंडमध्ये इतकी थंडी पडत नाही. उलट थंडी ही त्याची गरज आहे. हिवाळ्यात साधारण शून्य ते सात अंशांच्या दरम्यान काढलेल्या तासांचा हिशेब हे झाड स्वतःशी ठेवत असते. त्याला शीततास म्हणतात, आणि बहुतेक जातींना असे सहाशे ते हजार तास भरल्याखेरीज वसंतात डोळे नीट फुटत नाहीत, म्हणजे फांदीवरच्या सुप्त कळ्या उमलत नाहीत. महाराष्ट्राच्या पठारावर हे झाड सुखाने नांदत नाही याचे कारण तिथला उन्हाळा नव्हे, तर तिथल्या हिवाळ्याचा आखूडपणा: पुण्याच्या माणसाला डिसेंबरात जी थंडी स्वेटर, कानटोपी आणि वर्तमानपत्रातली बातमी एवढे सगळे करायला पुरेशी वाटते, ती पीचच्या वहीत जेमतेम किरकोळ खर्च म्हणून चढते. पंजाबच्या मैदानात पीच पिकतो तो मुद्दाम निवडलेल्या, थोड्या शीततासांवर समाधान मानणाऱ्या जातींचा.

इंग्लंडमध्ये शीततासांची ददात नाही, आणि नेमकी हीच तिथली अडचण आहे. झाडाचा कोटा हिवाळा संपायच्या बऱ्याच आधी भरून जातो. त्यानंतर ते केवळ उबेची वाट पाहत पडून असते, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस चार दिवस बरे ऊन पडले की वसंत आला असे समजून, कोणालाही न विचारता, मार्चमध्ये मोहोरून मोकळे होते. चीनच्या ज्या भागांत त्याची ही सवय घडली तिथे हिवाळा कडक असतो पण एकदा गेला की गेला. इंग्लंडमधला हिवाळा मात्र निरोप घेऊन दारापर्यंत जातो आणि छत्री राहिली म्हणून परत येतो, असा प्रकार मेच्या मध्यापर्यंत चालतो. झोपेत उणे वीस सोसणाऱ्या या झाडाचे उमललेले फूल उणे तीनलाच काळे पडू लागते, आणि उणे साडेचारच्या सुमारास दहांतली नऊ फुले जातात. तालमीत मल्लांना चीत करणाऱ्या पैलवानाने घरी येऊन पंख्याच्या वाऱ्याने सर्दी धरावी, तसे हे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हापूसच्या मोहोरावर एक धुक्याची सकाळ उतरली की कोकणातल्या बागायतदाराच्या कपाळावर जी आठी पडते, तीच त्या सुमारास सरे किंवा केंट परगण्यातल्या निवृत्त गृहस्थाच्या कपाळावर असते. फरक इतकाच की कोकणातल्या माणसाची शेकडो कलमे असतात आणि या गृहस्थाचे झाड एकच असते, त्यामुळे त्याची सगळी आठी एकाच ठिकाणी जमा होते.

यावर युरोपने काढलेला तोडगा म्हणजे भिंत. दिवसभर सूर्याकडे तोंड करून उभी असलेली विटांची किंवा दगडाची भिंत ऊन गिळते आणि रात्री ते हळूहळू परत करते. झाड तिला चिकटून असेल तर पहाटेच्या दहिवरातून, म्हणजे जमिनीलगत गोठणाऱ्या दवातून, मोहोर वाचण्याची शक्यता वाढते आणि ऑगस्टमध्ये फळ पिकायला हवी असलेली जास्तीची ऊबही मिळते. जेमतेम एवढ्या तत्त्वावर सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत जे बांधकाम झाले ते पाहिले, की माणसाने किल्ले शत्रूसाठी बांधले की सप्ताळूसाठी, असा प्रश्न पडावा. पॅरिसच्या पूर्वेला माँत्रय नावाच्या गावी भिंतींच्या रांगांमागून रांगा उठल्या. पावणेतीन मीटरच्या आसपास उंचीच्या, त्या भागात मुबलक मिळणाऱ्या जिप्समच्या पांढऱ्या गिलाव्याने लिंपलेल्या या भिंतींची एकूण लांबी एकोणिसाव्या शतकातल्या भरभराटीच्या काळी सुमारे 600 किलोमीटर होती असे सांगतात, म्हणजे त्या एका ओळीत मांडल्या असत्या तर मुंबईहून निघालेल्या माणसाला पणजीच्या पलीकडेही डाव्या हाताला भिंत दिसत राहिली असती. गिलावा मऊ असल्यामुळे त्यात खिळा सहज बसे, आणि झाडाची एकेक कोवळी फांदी जुन्या कापडाच्या चिंधीत धरून ती चिंधी खिळ्याने भिंतीवर ठोकण्याची तिथली रीत होती. गावातल्या जुन्या कपड्यांचे शेवटचे ठिकाण बोहारीण नसून पीचचे झाड होते. फांद्यांना चिंध्या आणि फळांना मात्र राजदरबार, अशी ही वाटणी रेल्वे येईपर्यंत टिकली. दक्षिण फ्रान्समध्ये भिंतीवाचून आपोआप पिकणारे पीच आगगाडीने पॅरिसला येऊ लागले, तेव्हा 600 किलोमीटरची भिंत हळूहळू नुसती भिंत झाली. आज तिचे थोडे अवशेष शहराच्या वस्तीत अडकून उभे आहेत.

इंग्रजांनी भिंतीच्या बाबतीत अधिक विचार केला, आणि अधिक विचाराचे जे होते ते झाले. काही बड्या घरच्या बागांत भिंती पोकळ बांधून त्यांच्या पोटातून धुराचे नागमोडी मार्ग काढले आणि मागच्या बाजूला भट्ट्या पेटवल्या. या तापत्या भिंतींना रात्रभर कोळसा घालणारा नोकर थंडीत कुडकुडत जागा राही आणि भिंतीवरचा पीच उबेत झोपे. सफक परगण्यात भिंतच नागमोडी बांधण्याची चाल पडली. तिचे समर्थन गणिताने करता येते: सरळ, एकाच विटेच्या जाडीची भिंत वाऱ्याने पडू नये म्हणून तिला मध्ये मध्ये धिरे द्यावे लागतात, तर वळणे घेत जाणारी भिंत स्वतःच्या वळणावर तोलून राहते आणि विटा वाचतात, शिवाय वळणाच्या खोबणीत वाऱ्यापासून आडोसा मिळतो. परंतु या सर्वांवर मात केली ती निकोला फातिओ द द्युइये या स्विस गणितज्ञाने. हा न्यूटनचा निकटचा स्नेही, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद, आणि गुरुत्वाकर्षण का घडते याचे स्पष्टीकरण शोधणारा गृहस्थ. त्याने 1699 मध्ये फळांच्या भिंतींवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात भिंती सरळ उभ्या न बांधता क्षितिजाकडे तिरप्या कलत्या बांधाव्यात, म्हणजे सूर्यकिरण त्यांवर अधिक काटकोनात पडतील, असे सप्रमाण दाखवले. तेवढ्यावर न थांबता सूर्याच्या मागोमाग फिरत राहील अशा यंत्राचीही कल्पना त्याने मांडली. सूर्य कुठून कुठे जातो हे गणिताने सांगता येते, तेव्हा पीचनेही त्याच्या मागे का जाऊ नये, हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्यातली उणीव एवढीच की तिरप्या भिंतीला दिवसा सूर्य जास्त दिसतो तसे रात्री उघडे आकाशही जास्त दिसते, आणि निरभ्र रात्री दहिवर पडते ते आकाशाकडे ऊब निघून गेल्यामुळेच. पुढे 1707 मध्ये, भविष्यवाणी करणाऱ्या एका धर्मपंथाची बाजू घेतल्याबद्दल फातिओला लंडनमध्ये भर चौकात लाकडी चौकटीत डोके अडकवून उभे करण्याची शिक्षा झाली. तिचा फळबागेशी संबंध नव्हता. मात्र ती चौकट सरळ उभी होती.

भिंत मिळाली की झाडाला वळण लावण्याचे काम सुरू होते. फळबागेच्या मराठीत झाडाच्या फांद्या हव्या त्या दिशेने वाढवण्याला ‘वळण देणे’ असेच म्हणतात, आणि हा शब्द घरातल्या मुलांसाठी आणि परसातल्या झाडांसाठी एकच असावा यात भाषेचा अनुभव दिसतो. पीचला दिले जाणारे वळण पंख्याचे असते: मधला शेंडा लवकर छाटून टाकायचा, डावी-उजवीकडे एकेक फांदी तिरपी बांधायची, तिच्यातून फुटणाऱ्या फांद्या बोटांसारख्या पसरवत जायचे, आणि चार वर्षांनी दोन मीटर उंच व साडेतीन-चार मीटर रुंद असा एक सपाट हिरवा पंखा भिंतीवर तयार व्हायचा. या पंख्याचे दुखणे असे की पीच फक्त गेल्या वर्षीच्या फांदीवर फळतो. फळ देऊन झालेली फांदी त्याच जागी पुन्हा फळ देत नाही, म्हणून तिच्या बुडाशी फुटलेला नवा धुमारा आधीपासून हेरून, जपून, वेळ येताच जुनीला काढून त्याला तिच्या जागी बांधावे लागते. सेवानिवृत्ती आणि नेमणूक एकाच दिवशी करणारी अशी आस्थापना शाखा सरकारी कचेऱ्यांतही विरळा. त्यातही छाटणी हिवाळ्यात करायची नाही असा दंडक आहे, कारण थंडीपावसात केलेल्या जखमेतून रुपेरी पानाचा रोग देणारी बुरशी शिरते. ज्या महिन्यांत घरधन्याला बागेत दुसरे काही काम नसते त्या महिन्यांत कात्रीला हात लावायचा नाही, आणि ज्या महिन्यांत त्याने समुद्रकिनाऱ्यावर जायचे ठरवलेले असते त्या महिन्यांत झाडाला त्याची गरज असते.

आता मोहोराकडे जवळून पाहू. मार्चचा तिसरा आठवडा आहे, दुपारचे बारा वाजले आहेत, आणि पानावाचूनच्या तपकिरी काटक्यांवर गडद गुलाबी फुले इतकी दाट बसली आहेत की मागची भिंत मध्ये मध्येच दिसते. पीचचे फूल स्वफलनक्षम असते, म्हणजे एकाच झाडाचे पराग त्याच झाडाला चालतात, दुसरे झाड शोधावे लागत नाही. पण पराग उचलून ठेवणारे कोणीतरी लागतेच, आणि मार्चमधल्या इंग्लंडमध्ये मधमाश्या अंथरुणातून क्वचितच बाहेर पडतात. म्हणून घरधनी स्वेटरवर कोट, कोटावर मफलर अशा वेषात, मुलांच्या रंगपेटीतला मऊ केसांचा कुंचला हातात घेऊन शिडीवर चढला आहे. एका फुलाच्या पुंकेसरांवर कुंचला अलगद फिरवायचा, टोकाला पिवळी भुकटी लागली आहे का ते चष्मा वर करून बघायचे, मग शेजारच्या फुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या चिकट टोकावर तो टेकवायचा, आणि पुढच्या फुलाकडे जायचे. फुले काही शेकडा आहेत, आणि ती एका दिवशी उमलत नाहीत म्हणून हा कार्यक्रम दोन-तीनदा करायचा. पूर्वी या कामाला बांबूच्या काठीला बांधलेले सशाचे शेपूट वापरत. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने हे दृश्य पाहिले तर तो काही विचारत नाही, कारण तिथल्या शिष्टाचारात माणूस आपल्या बागेत जे करतो त्याबद्दल विचारपूस करत नाहीत. तो फक्त हवेबद्दल बोलतो. मधूनच एखादी जाडजूड गुंजमाशी, म्हणजे मधमाशीची केसाळ आणि थंडीला न डरणारी बहीण, घरधन्याच्या नाकासमोरून त्याच फुलात शिरते आणि त्याने अर्ध्या तासात केले तेवढे काम चार मिनिटांत उरकून जाते. घरधनी तिच्याकडे सहकाऱ्याच्या नजरेने पाहतो.

या खटाटोपावर मराठी माणसाने हसण्याआधी लंडनमधल्या मराठी घरांच्या स्वयंपाकघरातली खिडकी पाहावी. तिथे सिंकच्या वर, उन्हाच्या बाजूला, एका कुंडीत कढीपत्त्याचे वीतभर रोप असते. हिवाळ्यात त्याची पाने गळली की घरात कुजबुजत्या स्वरात बोलतात, सुट्टीत भारतात जाताना त्याची सोय शेजारी केली जाते, आणि त्याची चार पाने आमटीत पडतात तेव्हा ती मोजून पडतात.

मोहोर वाचला, फळ धरले, की पानांची पाळी येते. पीचचा सर्वात निष्ठावंत रोग म्हणजे पान मुरडणे: एप्रिलमध्ये कोवळे पान उलगडते न उलगडते तोच त्यावर फोड उठतात, ते जाड होते, पिरगळते, किरमिजी लाल पडते, मग त्यावर पांढरट भुकटी धरते आणि ते गळून जाते. मिरचीच्या शेतातला चुरडामुरडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल. मात्र तो विषाणू व किडींचा उपद्रव आहे, तर हे काम टॅफ्रिना नावाच्या बुरशीचे आहे. तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीची धुळीहून बारीक बीजे, हिवाळाभर सालीवर आणि डोळ्यांच्या खवल्यांत बसून असतात आणि डोळा फुगू लागला की पावसाच्या पाण्याबरोबर आत शिरतात. पाणी नसेल तर त्यांना शिरता येत नाही. म्हणजे रोगावरचा उपाय सोपा: नोव्हेंबरच्या सुमारापासून मेच्या मध्यापर्यंत झाडावर पाऊस पडू द्यायचा नाही. ज्या देशात पावसाबद्दल कुरकुरणे हा संभाषणाचा आरंभ आणि बहुधा शेवटही असतो, तिथे हा सल्ला शांतपणे देतात आणि शांतपणे पाळतातही. भिंतीच्या माथ्यापासून पुढे तिरप्या लाकडी चौकटीवर प्लॅस्टिकचा कागद ताणतात, खाली वीतभर-दीडवीत जागा हवेसाठी सोडतात, आणि एवढ्या मेहनतीने पाऊस अडवल्यावर, झाडाच्या मुळाशी आता पाणीच पडत नाही हे ध्यानात आल्यामुळे, बाहेर धो धो कोसळत असता छपराखाली झारीने पाणी घालतात.

पूर्वी यावर बोर्डो मिश्रणाची फवारणी असे. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला या मिश्रणाची ओळख करून द्यायला नको. मोरचूद आणि कळीचा चुना पाण्यात कालवून केलेले ते निळसर दूध त्याने केवड्यासाठी वर्षानुवर्षे फवारले आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात त्याचा जन्म झाला तो मात्र रोगासाठी नव्हे. रस्त्याकडेची द्राक्षे येणारेजाणारे तोडून खातात म्हणून तिथले मळेवाले कडेच्या वेलींवर हे विषारी दिसणारे निळे पाणी शिंपडत. प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की केवड्याने सारा मळा ओस पडला तरी या चोरभयाने रंगवलेल्या वेली हिरव्या आहेत, आणि त्यातून 1885 मध्ये हे बुरशीनाशक जगापुढे आले. शास्त्राने चोरांचे इतके जाहीर ऋण दुसऱ्या ठिकाणी मान्य केल्याचे दिसत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बागांसाठी तांब्याच्या या फवारण्या आता बाजारातून गेल्या आहेत, त्यामुळे उरले ते छप्पर, आणि मुरडलेली पाने एकेक करून खुडण्याची शनिवारची दुपार. झाड त्याबद्दल फारसे वाईट वाटून घेत नाही. जूनच्या सुमारास नवी निरोगी पालवी काढून, मधल्या काळात काही घडलेच नव्हते असा चेहरा करते.

विरळणीचा प्रसंग थोडक्यात सांगितलेला बरा, कारण तो दुःखद आहे. ज्या फळांसाठी शिडीवर चढून कुंचला फिरवला, ज्यांच्यावर रात्री पांढरे कापड पांघरले, ती सुपारीएवढी झाली की दर दहा सेंटिमीटरला एक ठेवून बाकीची खुडून टाकायची, आणि अक्रोडाएवढी झाली की पुन्हा एकदा, वीस-पंचवीस सेंटिमीटरला एक राहील अशी काढायची, नाहीतर उरलेली सगळी बाठ्यावर कातडे ओढल्यासारखी किरकोळ राहतात. पहिल्या वर्षी घरधनी चार काढतो आणि थांबतो. दुसऱ्या वर्षी हे काम घरची बाई करते, न बोलता, वाण्याच्या हिशेबातली चूक काढावी तितक्या तटस्थपणे, आणि फळे त्याच वर्षी मोठी होतात.

अखेरीस ऑगस्ट उजाडतो. भिंतीवर बहुधा पेरेग्रिन ही पांढऱ्या गराची जात असते. सॉब्रिजवर्थच्या रिव्हर्स रोपवाटिकेने ती 1906 मध्ये आणली, आणि या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘परदेशी’ असा आहे, हे निदान प्रामाणिक म्हणायचे. फळ पिकले की नाही हे अंगठ्याने दाबून पाहायचे नसते, कारण दाबल्या जागी दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग पडतो. तळहाताची ओंजळ करून फळ खालून अलगद उचलायचे, आणि ते आपण होऊन हातात आले तर पिकले. हीच परीक्षा गांधीलमाश्या एक दिवस आधी घेतात. त्यांचे निकाल फळाच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला लागलेले असतात, त्यामुळे समोरून लालसर, लवदार, निर्दोष दिसणारे फळ घरधन्याच्या ओंजळीत येते आणि त्यातून तीन गांधीलमाश्या जेवण अर्धवट टाकावे लागल्याच्या नाराजीने बाहेर पडतात. करडी खार तर परीक्षाच घेत नाही; ती कच्चे फळ तोडते, एक चावा घेते, आवडले नाही म्हणून टाकते, आणि दुसरे आवडेल या आशेवर पुढचे तोडते.

यातून जी फळे वाचतात ती मात्र दुकानातल्या पीचसारखी नसतात, हे विनोदाच्या भरात लपवणे बरोबर होणार नाही. दुकानातले फळ प्रवास सोसावा म्हणून टणक असतानाच उतरवलेले असते. ते नंतर मऊ होते, पण झाडावर शेवटच्या दिवसांत भरणारी साखर त्याच्या वाट्याला येत नाही. भिंतीवरून उतरलेले कोमट फळ ताटलीत ठेवून, सुरीने कापून खाण्याचा विचार कोणी केला तरी तो तडीला जात नाही. रस कोपरापर्यंत येतो, म्हणून ते वाकून, पाय लांब ठेवून, गवतावर उभ्याने खावे लागते, आणि एरवी टोस्टचे तुकडेही काट्याने खाणारा गृहस्थ या वेळी फणस फोडायला बसलेल्या कोकणी माणसाच्या बैठकीच्या पुष्कळ जवळ येतो. प्रमाण मात्र सांभाळावे. इंग्लंडचा राजा जॉन 1216 च्या ऑक्टोबरात न्यूअर्कच्या किल्ल्यात हगवणीने वारला, आणि रॉजर ऑफ वेंडोव्हर या बखरकाराने त्याचा ठपका आधाशीपणे खाल्लेल्या पीचवर आणि त्यावर प्यालेल्या ताज्या सफरचंदाच्या मद्यावर ठेवला आहे. इतिहासकारांनी या राजाचे बाकीचे सगळे दोष तपासून पाहिले आहेत. पण ऑक्टोबरात, त्या हवेत, ते पीच त्याला मिळाले कुठून आणि ते पिकवणाऱ्या माळ्याचे काय झाले, इकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

फळ खाऊन झाल्यावर हातात बाठा राहतो. तो टाकवत नाही. खरबरीत, खोल सुरकुत्यांचा, मेंदूच्या छोट्या नमुन्यासारखा तो बाठा धुऊन, पुसून, एका कुंडीत मातीखाली दोन बोटे पुरला जातो आणि कुंडी हिवाळाभर बाहेर ठेवली जाते, कारण आतल्या बीलाही रुजण्यापूर्वी आपल्या थंडीचा हिशेब पुरा करून घ्यायचा असतो. कुंडीत लावलेल्या पाटीवर पेन्सिलीने वर्ष लिहिले जाते. घरची बाई ती पाटी वाचते, परसाभोवती एकदा नजर फिरवते, आणि हे रोप आल्यावर लावणार कुठे असे विचारते. दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत घराला एकच आहे आणि तिच्यावर जावई आधीच हात पसरून उभा आहे. उत्तरेकडची भिंत रिकामी आहे खरी, पण तिथे, सर्व ग्रंथांच्या एकमताने, आंबट चेरी लावतात.